दर हजारी एकतीस

लार्कहॅम स्टेशनाबाहेर पडलं की समोरच बिल्डर पेटिफरची भली मोठी पाटी दिसायची. 'लार्कहॅममध्ये घर घ्या! बालमृत्यू दर हजारी फक्त एकतीस, अख्ख्या परगण्यात सगळ्यात कमी!' खाली गुबगुबीत गालांचं एक बाळ रंगवलेलं. मेलेली बाळं मोजून घरं विकायची अक्कल पेटिफरलाच सुचू जाणे. आणि लोक भुलायचे हो! लंडनच्या कचेऱ्यांतले कारकून बायकोचा हात धरून त्या पाटीपुढे उभे राहायचे आणि दोन महिन्यांत त्यांच्या खिडक्यांना जाळीचे पडदे लागायचे.

नर्स मॉड कॅटरमोलला रोज त्याच पाटीखालून सायकल हाणत जावं लागे. ती मान वर करत नसे. तो आकडा कुठून आला ते गावात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं, आणि त्या दोघांतली एक ती होती.

मॉड कौन्सिलच्या आरोग्य खात्याची घरोघर फिरणारी नर्स, हाताखाली मदतीला आणखी एक नर्स. गावात कुठेही मूल जन्मलं की दीड दिवसाच्या आत खात्याला चिठ्ठी यायची, दहाव्या दिवशी मॉड त्या घराच्या दारात हजर. बाळाची बेंबी बघायची, दूध कसं पाजतात ते बघायचं, दुधाच्या बाटलीची कधीच धड धुता न येणारी रबरी नळी दिसली की ती सरळ चुलीत टाकायची. प्रत्येक बाळाचं एक कार्ड. मूल वर्षाचं झालं की कार्ड हिरव्या पेटीत, त्याआधी गेलं की काळ्या पेटीत. मॉडचं वय चव्वेचाळीस, पाय सायकलने काटक झालेले, तोंड फटकळ. बाया तिला घाबरायच्या आणि तिची वाटही बघायच्या.

रेल्वेच्या अलीकडे जुनं गाव, चर्च, टेकडीवरचे बंगले, पेटिफरची नवी घरं. पलीकडे वसाहत. डॉकलगतच्या गल्ल्या पाडून लंडनने तिथली माणसं आमच्या वेशीवर आणून वसवली होती, सहाशे घरं, सगळी एका साच्यातली. घरात न्हाणीघर होतं, परसात चार हात बाग होती. दुकान, डॉक्टर, दवाखाना मात्र एक नाही. बाळाचं वजन करायचं तर जुन्या गावातल्या केंद्रात जायचं, जाऊन येऊन सहा मैल, मधे रेल्वेचं फाटक. पाठोपाठची तीन पोरं घेऊन पावसात सहा मैल कोण जातं? कोणी जात नव्हतं.

मॉडला एकच गोष्ट हवी होती. वसाहतीच्या तोंडाशी मोकळी जागा होती, तिथे लाकडी का होईना, एक खोली. वजनकाटा, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, भुकटीचं दूध. उन्हाळ्यात जुलाबांनी आणि थंडीत छातीने जाणारी बाळं निम्मी तरी वाचतील, असा तिचा हिशेब होता, आणि तो हिशेब अकरा वर्षं सुईणपण केलेल्या बाईचा होता. बत्तीस सालच्या पानगळीत तिने तसा अर्ज दिला. आरोग्य समितीचा अध्यक्ष कोण? पेटिफरच. तो म्हणाला, "कॅटरमोलबाई, वसाहत नवी आहे. वर्षभराचे आकडे येऊ द्या. आकडे वाईट निघाले तर मी स्वतः खिळे ठोकायला येईन!" समिती हसली. अर्ज वर्षभर फायलीत पडून राहिला.

आकडे वाईट निघणार याबद्दल मॉडला शंकाच नव्हती. ते वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिलाच माहीत.

वसाहतीतलं मूल आजारी पडलं तर न्यायचं कुठे? गावातलं छोटं इस्पितळ पाच वर्षांखालचं मूल घेत नसे. परगण्याचं इस्पितळ होतं, दोन बस बदलून, पण ते पूर्वीचं गरीबघर, निराधारांना कोंडून राबवायची जागा. इमारत तीच, फाटक तेच, पाटी तेवढी बदललेली. डॉकवरची माणसं उपाशी मरतील पण त्या फाटकातून आत जाणार नाहीत. "तिथे चालत गेलेला माणूस चालत बाहेर येत नाही, नर्स," असं त्या बाया म्हणायच्या, आणि त्यांच्या आज्याही तसंच म्हणत आल्या होत्या.

उरलं त्यांच्या जुन्या गल्लीतलं इस्पितळ. बसने तासाभराचा रस्ता, पण लहान मुलांचा वॉर्ड असा की मॉडने आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता. त्याच गल्ल्यांत तिने सुईणपण केलं होतं, त्या वॉर्डात तिच्या डोळ्यांदेखत निळी पडलेली पोरं गुलाबी झाली होती. मात्र ते इस्पितळ आपल्या हद्दीतलीच मुलं घेई. बाहेरचा पत्ता सांगितला की दारातूनच चिठ्ठी हातात, तुमच्या परगण्यात जा.

मग मॉडने काय केलं? कोणीही शहाणी बाई करील तेच केलं. पहिलं पोर धापा टाकताना बघितलं आणि आईला म्हणाली, "उठ, बस पकड. दारात पत्ता विचारतील, तेव्हा तुझ्या आईचा सांग. आजीच्या घरी राहतो म्हणावं."

"आणि खोटं पकडलं तर?"

"तर माझं नाव सांग. आता तोंड चालवू नकोस, पाय चालव."

ते पोर वाचलं. वसाहतीत ही गोष्ट तासाभरात पसरली. मग बाया विचारेनाशाच झाल्या. मूल तापलं की चादरीत गुंडाळायचं, बस धरायची, आजीचा पत्ता. आज्याही तयारीच्या, कोणी विचारायला आलंच तर म्हणायच्या, "माझ्याकडेच असतात हो, वरच्या खोलीत." त्या वर्षी बरीच पोरं वाचली. काही नाही वाचली. क्वीनी सॉयरची चार महिन्यांची बेरिल नोव्हेंबरात गेली, छाती भरून. क्वीनीने तिच्या मृत्यूची नोंद तिथेच केली, आजी शेजारी बसली होती, दाखल्यावर पत्ताही आजीचाच. पुरलंही तिथेच, आजोबांच्या शेजारी. मॉडने बेरिलचं कार्ड काळ्या पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दारी गेली.

चौतीसच्या जूनमध्ये आरोग्य अधिकाऱ्यांचा वार्षिक अहवाल छापून आला. डॉक्टर हॅडो, सरळ माणूस, थोडा अहवालाच्या प्रेमात पडलेला. पुठ्ठा निळा, तक्ते देखणे. मॉडने तिसरं पान उघडलं. जन्म पाचशे बारा. वर्षाच्या आतले मृत्यू सोळा. दर हजारी एकतीस.

तिला आधी वाटलं, छापणाऱ्याची चूक. खुर्चीवर बसून तिने काळी पेटी उपडी केली आणि कार्डं मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीसच.

ती तशीच हॅडोंच्या खोलीत घुसली. "डॉक्टरसाहेब, तुमची चौदा पोरं हरवली आहेत."

"बसा, बसा. काय हरवलं?"

"पोरं. माझ्या पेटीत तीस आहेत, तुमच्या अहवालात सोळा. चौदा कुठे गेली?"

हॅडोंनी चष्मा काढला, पुसला. "अहो, बाहेरच्या इस्पितळात कोणी गेलं तरी त्याची चिठ्ठी लंडनहून आपल्याकडे येते. माणूस मरतो कुठेही, मोजला जातो राहत्या गावात. नियमच आहे. सगळ्या चिठ्ठ्या आल्या, सगळ्या धरल्या. एकही सोडलेली नाही."

"राहतं गाव कशावरून ठरवतात?"

"दाखल्यावरच्या पत्त्यावरून. आणखी कशावरून ठरवणार?"

मॉड उभी होती ती खाली बसली. सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात शिरलं. जन्म लार्कहॅमचे, कारण चिठ्ठी लार्कहॅमला येते. मरण आजीच्या गल्लीचं, कारण पत्ता आजीचा. जन्मलेली आमची, मेलेली त्यांची. याहून निरोगी गाव जगात कुठलं असणार?

"सांगा की," हॅडो म्हणाले. "तुमचा चेहरा का असा झाला?"

तिने सांगितलं. काही लपवलं नाही. हॅडोंनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "आणि हा खोटा पत्ता द्यायला त्यांना शिकवलं कोणी?"

"मी."

"वा!" ते म्हणाले. "वा, कॅटरमोलबाई! आमच्या समितीला दर कमी करायला दहा वर्षं जमलं नाही, ते तुम्ही एका वाक्यात केलंत."

हे त्यांनी चिडून म्हटलं, पण माणूस खोटा नव्हता. त्यांनी दार लावलं आणि नीट सांगितलं. समिती पंधरवड्याने बसणार होती. वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या जागेचा निकाल त्याच दिवशी. दवाखाना, नाहीतर हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळाचं मैदान, टेकडीवरच्या पेन्शनरांसाठी. पेटिफरला मैदान हवं होतं. "चौदा आयांच्या सह्या आणा, की मूल आमच्याकडे लार्कहॅममध्ये राहत होतं. मी दर एकोणसाठ धरीन, आकडा सुधारून छापीन आणि समितीपुढे उभा राहून सांगेन. माझी नोकरी गेली तर गेली. एकोणसाठ ऐकल्यावर पेटिफरच्या बापालाही नाही म्हणता येणार नाही."

"आणते."

"थांबा. पुढचं ऐका. ती पत्रं लंडनला जातील. तिथून इस्पितळाला विचारणा होईल. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात पत्त्याचा पुरावा म्हणून घरभाड्याचं पुस्तक मागतील. तुमच्या वसाहतीतलं एक मूल आत जाणार नाही. दवाखाना बांधून व्हायला वर्ष लागेल, आणि दवाखान्यात वजन होतं, बाई, न्यूमोनिया बरा होत नाही. विचार करा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मॉडने तीन दिवस विचार केला. दवाखाना म्हणजे कायमचा, तिच्यानंतरही राहणारा. इस्पितळाचं दार म्हणजे आजचं पोर. शेवटी तिने ठरवलं की पुढची शंभर पोरं महत्त्वाची, आणि कागद घेऊन निघाली.

पहिलं दार क्वीनी सॉयरचं. क्वीनी परसात कपडे वाळत घालत होती, पाचवा महिना, तोंडात चिमटे.

"आलात नर्स? हे अजून पोटात आहे, त्याचं वजन करणार काय?"

मॉडने येण्याचं कारण सांगितलं. क्वीनीने चिमटे तोंडातून काढून एप्रनच्या खिशात टाकले. ऐकताना तिचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"म्हणजे मी लिहून देऊ की मी खोटं बोलले."

"तुला काही होणार नाही. डॉक्टरांनी शब्द दिलाय."

"डॉक्टरांचा शब्द! डॉक्टर कधी या रस्त्याला फिरकलेत? नर्स, खोटं कोणी शिकवलं मला? तुम्ही. याच दारात. तेव्हा म्हणालात, पाय चालव. आता म्हणता, हात चालव, सही कर."

"क्वीनी, इथे दवाखाना असता तर बेरिल—"

"तिचं नाव घेऊ नका!" क्वीनी ओरडली. शेजारच्या परसातली बाई आत गेली. "तिचं नाव घेऊ नका त्या कागदासाठी. ती मेली तेव्हा त्या वॉर्डातल्या सिस्टरने तिला दोन तास मांडीवर घेतलं होतं. दोन तास! तुमच्या खोलीत कोण घेणार मांडीवर, वजनकाटा? आणि हे," तिने पोटावर हात ठेवला, "हे डिसेंबरात खोकायला लागलं तर कुठे नेऊ? त्या फाटकात? माझी आई तिथे गेली असती तर मी जन्मलेही नसते. जा तुम्ही, नर्स. रागवू नका, पण जा."

मॉडला राग आला होता. रस्त्यावर येऊन सायकलीला टेकून उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं की राग कोणाचा ते सांगता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तरी ती फिरली. चौदा दारांपैकी पाच उघडली. पाच बायांनी सह्या केल्या, काही रडत, काही न वाचता, नर्स सांगते म्हणून. त्यांतली एक एल्सी डनेज. थोराड, बुजरी, नवरा विटांच्या भट्टीवर. तिचा धाकटा गेल्या वर्षीच्या मार्चात गेला होता. तिने सही करून कागदावर फुंकर मारली आणि म्हणाली, "हे केल्यानं दुसऱ्या कोणाचं वाचेल ना?"

"वाचेल," मॉड म्हणाली.

पाच म्हणजे चौदा नव्हेत. पण सोळाचे एकवीस झाले की दर हजारी एकेचाळीस, एकतीसपेक्षा बरा. बुधवारी दुपारी ती पाच कागद पिशवीत घालून कौन्सिलच्या कचेरीकडे निघाली. समिती गुरुवारी. फाटकाशी आगगाडीसाठी थांबली तोच मागून हाक आली. एल्सी धावत होती, कडेवर थोरला आर्थर, तीन वर्षांचा. पोराची मान मागे गेलेली, प्रत्येक श्वासाला घशातून करवतीसारखा आवाज. मॉडने चमचा घालून घसा बघितला. राखाडी पडदा. घटसर्प.

"कधीपासून?"

"काल जरासा घसा धरला होता. नर्स, बस आली बघा. मी तिथे काय सांगू? पत्ता काय सांगू आता? मी तर सही केलीय तुमच्याकडे. खरं सांगू का?"

बस उभी होती. कंडक्टर खाली उतरून बघत होता. मॉडच्या खांद्यावर पिशवी, पिशवीत कागद.

"आजीचा सांग," ती म्हणाली.

"पण सही—"

"आजीचा सांग म्हटलं ना! चढ!"

बस गेली. मॉडने फाटकाच्या खांबाशी उभं राहून पिशवीतून पाचही कागद काढले, आधी एल्सीचा फाडला, मग बाकीचे. एल्सीचा तेवढा फाडायचा आणि चार द्यायचे हे तिला सुचलं नाही असं नाही. पण इस्पितळाने चौकशी केली की दार त्या चार घरांना बंद होईल आणि बाकी सहाशेंनाही होईल. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागचा दूधवाला घंटी वाजवायला लागला. ती बाजूला झाली.

आर्थरच्या घशाला भोक पाडून नळी घातली. वाचला. आजही आहे, पोस्टात आहे, आवाज तेवढा घोगरा. त्यामुळे मॉडला पश्चात्ताप करायचीही सोय राहिली नाही.

गुरुवारी हॅडोंनी समितीपुढे एकतीस वाचला. काय करणार? हातात पुरावा नव्हता. पेटिफर म्हणाला, "इतक्या निरोगी ठिकाणी दवाखाना म्हणजे जेवलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवणं." सगळ्यांनी हात वर केले. महिन्याभरात जागेवर हिरवळ आली, कुंपण आलं, आणि कुंपणावर 'मुलांना प्रवेश नाही' अशी पाटी आली. स्टेशनासमोरची पाटीही त्याच उन्हाळ्यात लागली.

पुढच्या वर्षी जन्म पाचशे सत्तेचाळीस, मृत्यू सोळा. दर हजारी एकोणतीस. मॉडच्या पेटीत तेहतीस कार्डं होती. ती हॅडोंना तिने सांगितली नाहीत आणि त्यांनी विचारलंही नाही. दोघं जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलत.

जूनमध्ये टाउन हॉलमध्ये आरोग्य सप्ताह भरला. आठवडाभर चहा, केक, दातांवर भाषण. शेवटच्या दिवशी पेटिफर उठला. "मंडळी, एकोणतीस! आणि याचं श्रेय मी एका व्यक्तीला देतो. ऊन नाही, पाऊस नाही, ही बाई सायकलवर! नर्स कॅटरमोल, उभ्या राहा. दोन शब्द बोला, बोला!"

टाळ्या पडल्या. मॉड उभी राहिली. बोलायचं असं तिने खरंच ठरवलं होतं. सकाळी केस विंचरताना आरशापुढे म्हणूनही पाहिलं होतं, तेहतीस, तेहतीस. हॅडोंनी मान खाली घातली; तिच्या मनातलं त्यांना कळलं असावं. ती तोंड उघडणार तोच मागच्या रांगेत क्वीनी सॉयर दिसली. मांडीवर सात महिन्यांचा डेनिस. थंडीत दोनदा तो त्या वॉर्डात राहून आला होता. छाती अजून धड नव्हती, येत्या मंगळवारी त्याला पुन्हा न्यायचं होतं. क्वीनी टाळ्या वाजवत नव्हती. ती फक्त मॉडच्या तोंडाकडे बघत होती, आणि बघता बघता तिने पोराला दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतलं.

पेटिफर हसतमुखाने वाट बघत होता.

"बायांनी फार मदत केली," मॉड म्हणाली. "आभारी आहे."

आणि ती खाली बसली. टाळ्या पुन्हा पडल्या, आधीपेक्षा जोरात. पेटिफरने पुढचा ठराव वाचला: आकडे इतके चांगले असताना दोन नर्सेसची गरज नाही, सप्टेंबरपासून अख्ख्या लार्कहॅमला एकट्या कॅटरमोलबाई पुरेत.